नेल्लोरची फीवाढ: सरकारची सही होती, तरी ती बेकायदा ठरली

६ सप्टेंबर २०१७ रोजी आंध्र प्रदेश सरकारने एक शासन आदेश काढला. राज्यातल्या खासगी विनाअनुदानित वैद्यकीय महाविद्यालयांचं एमबीबीएसचं शिक्षण शुल्क त्यात वाढवून दिलं होतं. ते वर्षाला २४ लाख रुपयांवर गेलं. सर्वोच्च न्यायालयाने पुढे नोंदवलं की ही रक्कम आधी ठरलेल्या शुल्काच्या सातपट होती. सातने भागून पाहा: साडेतीन लाखांच्या आतबाहेरची फी एका कागदाने २४ लाख झाली. महाविद्यालयांनी मागणी केली, सरकारने ती मान्य केली, आदेश निघाला आणि मुलांनी पैसे भरले.

पाच वर्षांनी, ७ नोव्हेंबर २०२२ ला, तो आदेश बेकायदा होता यावर सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं. प्रकरणाचं नाव नारायणा मेडिकल कॉलेज विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य. कॉलेज नेल्लोरचं, पण आदेश राज्यभराचा होता.

मी काही वर्षं आपल्याकडच्या एका विनाअनुदानित कॉलेजच्या लेखा विभागात काम केलं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये खिडकीसमोर पालकांची रांग लागायची. फी वाढल्याचं कळलं की एखादे वडील विचारायचे, "साहेब, एवढी कशी वाढली?" आमचं उत्तर ठरलेलं असायचं: "सरकारने मंजूर केली आहे." त्यावर बहुतेक जण गप्प व्हायचे आणि डीडी पुढे सरकवायचे. त्या उत्तराने माणूस किती सहज गप्प होतो हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे, म्हणूनच नेल्लोरचं प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं. सरकारने मंजूर केली म्हणजे नक्की कुणी, कोणते कागद पाहून आणि कोणत्या अधिकारात, हा प्रश्न तिथल्या विद्यार्थ्यांनी कोर्टात नेला आणि शेवटपर्यंत लढवला.

आधी नियम काय होता ते पाहू. आंध्रमध्ये १९८३ पासून कायदा आहे. शैक्षणिक संस्थांतले प्रवेश नियंत्रित करणारा आणि कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठीची देणगी, बंद करणारा. योगायोग असा की त्याच सुमारास महाराष्ट्रात वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना दारं उघडली गेली, आणि देणगीबंदीचा आपला कायदा त्यानंतर १९८७ चा. आंध्रच्या कायद्याखाली २००६ मध्ये नियम झाले आणि खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांसाठी प्रवेश व शुल्क नियामक समिती आली. शुल्क ठरवायचं ते समितीने संस्थेचा प्रस्ताव आणि हिशेब तपासून, आणि सरकारने त्या शिफारशीवर अधिसूचना काढायची. हा क्रम नियमातच होता.

ही समिती आली कुठून, याची मुळं थेट पुण्यापर्यंत पोचतात. २००२ च्या टी. एम. ए. पै निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने विनाअनुदानित संस्थांना स्वतःची फी ठरवण्याचं स्वातंत्र्य मान्य केलं. नफेखोरी आणि कॅपिटेशन मात्र चालणार नाही असंही बजावलं. आता नफेखोरी आणि वाजवी शिल्लक यांच्यातली रेषा कुणी आखायची? २००३ मध्ये इस्लामिक अ‍ॅकॅडमी प्रकरणात पाच न्यायमूर्तींनी उत्तर दिलं: प्रत्येक राज्यात निवृत्त उच्च न्यायालय न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली समिती असावी. तिच्यात एक नामांकित चार्टर्ड अकाउंटंट असावा, वैद्यकीय किंवा तंत्रशिक्षण परिषदेचा प्रतिनिधी आणि संबंधित खात्याचा सचिव असावा. संस्थेने प्रस्ताव वेळेआधी, हिशेबाच्या वह्यांसह द्यावा. एकदा ठरलेली फी तीन वर्षं बांधील राहावी. मग २००५ मध्ये पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सात न्यायमूर्तींनी पुन्हा विचार केला आणि राज्यं स्वतःचा कायदा करेपर्यंत या समित्या राहू दिल्या. इनामदार हे पुण्याचे शिक्षणसंस्थाचालक. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा हा निकाल पुढे नेल्लोरच्या मुलांच्या उपयोगी पडला.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे त्या समितीत सरकार आहेच. सचिव बसलेला आहे. पण तो एकटा नाही. शेजारी हिशेब वाचता येणारा माणूस आहे आणि डोक्यावर न्यायमूर्ती आहेत. मंत्रालयातल्या टेबलावर संस्थाचालकांचं निवेदन आलं, त्यावर टिपणी चढली आणि आदेश निघाला, एवढ्यावर फी ठरू नये म्हणून ही सगळी रचना केलेली आहे.

समितीपुढचा प्रस्ताव म्हणजे काय असतं, हे बाहेरच्या माणसाला सहसा दिसत नाही. आमच्याकडे ती एक फाईल नसायची, तीन खोकी व्हायची. तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद. महिनावार पगारपत्रकं, आणि ते पगार बँकेतून खरंच गेले याचे उतारे. पीएफची चलनं, वीजबिलं, ग्रंथालयाची खरेदी, प्रयोगशाळेतल्या काचसामानापासून रसायनांपर्यंतची बिलं. इमारतीचा आणि यंत्रांचा घसारा. मंजूर जागा किती, भरल्या किती. पानापानावर शिक्का मारून अंगठा जांभळा व्हायचा. एका वर्षी तपासणीत एका गाडीच्या डिझेलवर बोट ठेवलं गेलं. ही गाडी कॉलेजची की संस्थेची? गाडी संस्थेची होती. तिच्यातून कॉलेजच्या कामापेक्षा इतर कामंच जास्त व्हायची. ती रक्कम वगळली गेली. मोठी नव्हती, पण भागाकार केल्यावर तिचे काही रुपये प्रत्येक मुलाच्या पावतीत शिरले असते. कुणीतरी तो प्रश्न विचारला म्हणून शिरले नाहीत.

खरी मेख भागाकारातच असते. समजा, मान्य करण्याजोगा खर्च वर्षाला ६ कोटी आहे आणि मंजूर जागा ३००. प्रत्येकी २ लाख आले. पण जागा भरल्या २०० च, आणि भागाकार त्या २०० ने केला, तर प्रत्येकी ३ लाख होतात. रिकाम्या बाकांचा खर्च बसलेल्या मुलांनी उचलायचा की संस्थेने, हा एका भाजकातला निर्णय आहे. वैद्यकीय कॉलेजात गुंता आणखी वाढतो, कारण शेजारी रुग्णालय असतं. तिथल्या परिचारिकेचा पगार शिक्षणाचा खर्च की उपचाराचा? रुग्णांकडून आलेलं उत्पन्न वजा करायचं की नाही? असे प्रश्न हिशेब समोर ठेवूनच सोडवावे लागतात, आणि त्याला बैठका लागतात, खुलासे लागतात, महिने लागतात.

आंध्रच्या नियमांनी समितीला पाहायच्या बाबीही सांगून ठेवल्या होत्या: संस्था कुठे आहे, अभ्यासक्रमाचं स्वरूप काय, सोयीसुविधांची किंमत, प्रशासन आणि देखभालीचा खर्च, वाढ-विकासासाठी लागणारी वाजवी शिल्लक, आणि राखीव व दुर्बल घटकांना दिलेल्या सवलतीमुळे सोडावं लागलेलं उत्पन्न. म्हणजे संस्थेला शिल्लक ठेवायला कायद्याची ना नव्हती. न्यायालयाने म्हटलं ते एवढंच की हे सगळं समितीने तपासायचं होतं, आणि २०१७ चा आदेश काढताना सरकारने समितीला ओलांडून परस्पर वाढ दिली.

आता महाविद्यालयांची बाजू. ती मला पोकळ वाटत नाही. आधीची फी २०११ मध्ये ठरली होती. सहा वर्षांत पगार वाढले, उपकरणं महागली, तेव्हाच्या वैद्यकीय परिषदेच्या निकषांप्रमाणे प्राध्यापक ठेवावेच लागत, आणि वैद्यकीय शिक्षणातला प्राध्यापक स्वस्तात मिळत नाही. तीन वर्षांसाठी ठरवलेली फी सहा वर्षं ओढावी लागली तर कोणत्याही प्रामाणिक संस्थेची ओढाताण होणारच. लेखा विभागात बसून मी हे अनुभवलं आहे. मार्चअखेरीस पगाराला पैसे कमी पडतात तेव्हा आधी कंत्राटी प्रयोगशाळा सहायकाचा पगार अडतो, संस्थाचालकाचं काही अडत नाही. तेव्हा वाढ हवी होती हे मी मान्य करतो. पण किती, याचं उत्तर सातपट असं कोणत्या ताळेबंदातून निघालं, हे दाखवायची वेळ आली तेव्हा दाखवायला समितीचा अहवालच नव्हता.

विद्यार्थी उच्च न्यायालयात गेले. २०१९ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने तो शासन आदेश रद्द केला आणि आधीच्या दराने होणारी रक्कम वळती करून घेऊन जास्तीची फी परत करायला सांगितलं. त्याविरुद्ध कॉलेज सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे न्या. एम. आर. शहा आणि न्या. सुधांशू धुलिया यांच्या पीठाने अपील फेटाळलं. शिक्षण हा नफा कमावण्याचा धंदा नाही आणि शिक्षण शुल्क नेहमी परवडणारं असलं पाहिजे, असं निकालात स्पष्ट म्हटलं आहे. समितीच्या शिफारशीशिवाय एकतर्फी फी वाढवणं हे १९८३ चा कायदा, २००६ चे नियम आणि इनामदार निकाल या तिन्हींच्या विरुद्ध जातं, असं न्यायालयाने ठरवलं. वर दाव्याचा खर्च म्हणून ५ लाख लावले, निम्मे कॉलेजने आणि निम्मे राज्य सरकारने भरायचे.

सरकारलाही हा खर्च भरायला लावला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. फीवाढीच्या भांडणात एरवी पालक एकीकडे, कॉलेज दुसरीकडे आणि सरकार पंच असल्यासारखं मधे उभं असतं. इथे ज्याने मंजुरी दिली त्यालाही चूक करणाऱ्यांच्या रांगेत उभं केलं गेलं.

निकालातला सगळ्यांत माणुसकीचा भाग पैसे परत करण्याबद्दलचा आहे. बेकायदा आदेशाचा फायदा महाविद्यालयांना झाला, तेव्हा त्या आदेशाखाली गोळा केलेले पैसे त्यांना ठेवून घेता येणार नाहीत, असं न्यायालयाने सांगितलं. ते पैसे संस्थांनी वर्षानुवर्षं वापरले, आणि ते भरण्यासाठी विद्यार्थ्यांनी बँका-वित्तसंस्थांकडून चढ्या व्याजाने कर्जं काढली, याचीही नोंद घेतली.

त्या कर्जाविषयी थोडं थांबून सांगायला हवं. बँकांच्या शैक्षणिक कर्जाच्या नमुना योजनेत साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण लागत नाही. त्याच्या वर गेलं की घराचे किंवा जमिनीचे कागद बँकेत ठेवावे लागतात. २४ लाख ही एका वर्षाची फी त्या रेषेच्या तिप्पट-सव्वातिप्पट आहे, आणि एमबीबीएस साडेचार वर्षांचं, वर एक वर्ष इंटर्नशिप. आमच्या खिडकीवर एकदा एक शेतकरी बाप कर्जासाठी बोनाफाईड आणि फीचं पत्रक घ्यायला आला होता. पत्रकावरचा आकडा त्याने दोनदा वाचून घेतला आणि प्लास्टिकच्या पिशवीतला सातबारा काढून विचारलं, "यावर होईल ना?" मी कॉलेजचा कारकून, मी काय सांगणार? त्या उताऱ्यावर त्याच्या भावाचंही नाव होतं. म्हणजे कर्ज मिळण्याआधी घरात एक बोलणी होणार होती, आणि ती कशी होते हे ज्याच्या घरी जमीन सामाईक आहे त्याला सांगायला नको. फीच्या आकड्यात ही बोलणी कुठेच दिसत नाहीत. आणि परताव्याचा आदेश झाला तरी बँकेत गेलेलं व्याज कॉलेजच्या तिजोरीत मुळात आलेलंच नसतं. ते मागायचं कुणाकडे?

वेळेचा हिशेब तर याहून बोचतो. २०१७ मध्ये पहिल्या वर्षाला बसलेली मुलं सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तोवर इंटर्नशिपच्या वयाला पोचली होती. म्हणजे जवळजवळ सगळं शिक्षण त्यांनी या अनिश्चिततेखाली केलं. निकालाने आणखी एक गोष्ट उघडी ठेवली, आणि कायद्याच्या दृष्टीने ती रास्तच आहे: समितीने नंतर तपासून जास्त फी ठरवली, तर तो फरक विद्यार्थ्यांकडून वसूल करायला कॉलेजं मोकळी राहतील.

माझ्या मते या प्रकरणात दोष तीन ठिकाणी आहे आणि तो सारखा वाटलेला नाही. सर्वांत मोठा दोष सरकारचा, कारण नियम त्याचेच होते. कॉलेजांचा त्याखालोखाल, हिशेब मांडायचा रस्ता सोडून त्यांनी निवेदनाचा रस्ता धरला. पण तिसरा दोष कुणी फारसा बोलत नाही, तो म्हणजे मधल्या सहा वर्षांच्या पोकळीचा. तीन वर्षांनी नवा दर ठरलाच पाहिजे असं वेळापत्रक पाळलं गेलं असतं, तर २०१४ मध्ये थोडी वाढ, २०१७ मध्ये आणखी थोडी, असं झालं असतं. पालकांनी कुरकुर करत का होईना ती पेलली असती. नियामक झोपला की दोन्ही बाजूंचं नुकसान होतं: प्रामाणिक कॉलेज तोट्यात जातं, आणि ज्याला मंत्रालयाचा जिना माहीत आहे ते वर जाऊन सही घेऊन येतं. निर्णयाला उशीर होणारच असेल तर जुन्याच दराने पैसे घ्यावेत, अंतिम फी जास्त ठरल्यास फरक भरेन असं हमीपत्र पालकांकडून घ्यावं. पैसा घराबाहेर पडण्याआधी वाद मिटतो. उलट क्रमाने, आधी २४ लाख घेऊन मग पाच वर्षांनी परत, हे कुणाच्याच हिताचं नाही.

महाराष्ट्रात २०१५ चा कायदा आहे. त्याखाली शुल्क नियामक प्राधिकरण काम करतं, अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. त्याआधी शिक्षण शुल्क समिती होती. अभियांत्रिकी, औषधनिर्माण, वैद्यकीय, व्यवस्थापन, कायदा अशा विनाअनुदानित कॉलेजांची फी तिथे ठरते. म्हणून आपल्याकडे एखाद्या कॉलेजने "सरकारची मंजुरी आहे" म्हटलं, तर विचारायचा प्रश्न हा की प्राधिकरणाने या वर्षासाठी, या अभ्यासक्रमासाठी किती रक्कम मान्य केली आहे. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर ती कॉलेजनिहाय पाहता येते. पावतीवर शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क वेगळं दाखवलेलं आहे का ते पाहावं. "इतर" या नावाखाली जे काही असेल त्याची स्वतंत्र पावती मागावी, कारण मान्य फीच्या वर घेतलेल्या रकमेला वाट काढून द्यायची तर ती याच रकान्यातून निघते.

आपल्याकडे मंजूर फीचा आकडा फक्त पालकांचा प्रश्न राहिलेला नाही. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांचं निम्मं शिक्षण शुल्क सरकार भरतं. जुलै २०२४ पासून त्याच उत्पन्नमर्यादेतल्या पात्र मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं पूर्ण शिक्षण शुल्क सरकारने उचललं आहे. म्हणजे फुगवलेल्या प्रत्येक रुपयाचं बिल तिजोरीवर येतं, आणि व्यवस्थापन कोट्यातला किंवा ८ लाखांच्या जरा वर असलेला पालक तो पूर्ण स्वतः भरतो. ८ लाख १० हजार उत्पन्नाच्या शिक्षक दांपत्याला मी त्या खिडकीवर पाहिलं आहे. दहा हजारांनी चुकलेल्या त्या घराला सगळी फी भरावी लागली.

संस्थांना पैसे लागतात, आणि चांगलं शिक्षण स्वस्त नसतं, यावर माझा वाद नाही. मी स्वतः ते पगारपत्रक बनवत होतो. पण ती तीन खोकी तयार करताना आम्हाला जो त्रास व्हायचा, तो त्रास म्हणजेच पालकांचं संरक्षण होतं, हे तेव्हा कळलं नव्हतं. दर वर्षी वैताग यायचा: एवढी बिलं कशाला, कोण वाचतं? नेल्लोरचा निकाल वाचल्यावर त्या डिझेलच्या बिलावर ठेवलेलं बोट आठवलं. आंध्रमध्ये २४ लाखांचा आकडा आदेशात चढला तेव्हा बोट ठेवणारं कुणी टेबलावर नव्हतं.